अमेरिकी प्रायमरीचा हिशेब वहीत कसा मांडायचा

फेब्रुवारी 2016 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठीच्या मतदानात, डोनाल्ड ट्रम्प यांना 32.5 टक्के मते मिळाली आणि राज्याचे सगळेच्या सगळे 50 डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी) त्यांच्या पदरात पडले. त्याच महिन्यात न्यू हॅम्पशायरच्या डेमोक्रॅट प्रायमरीत बर्नी सँडर्स यांनी 60 टक्के मते घेऊन हिलरी क्लिंटन यांचा दणदणीत पराभव केला, तरी डेलिगेट वाटले गेले 15 आणि 9 असे. पक्षाची उमेदवारी डेलिगेट ठरवतात. मतांची टक्केवारी लिहून मोकळा झालेला माणूस इथेच फसतो, मग तो स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी असो की मुलगी न्यू जर्सीत असल्याने ही लढत रोज पाहणारे घोडबंदर रोडवरचे आजोबा.

2028 ची निवडणूक 7 नोव्हेंबरला आहे. 22 व्या घटनादुरुस्तीमुळे ट्रम्प यांना पुन्हा निवडून येता येत नाही, म्हणजे दोन्ही पक्षांत उमेदवारीची खरी झुंज होणार. अभ्यासगटाने वही आत्ताच आखून ठेवावी.

वही आखताना

राज्यामागे एक ओळ. रकाने असे: तारीख, प्रायमरी की कॉकस (पक्षाच्या स्थानिक सभांमधून होणारी निवड), मतदान कोणाला खुले, राज्यस्तरीय डेलिगेट किती, काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) मतदारसंघांचे किती, वाटपाचा नियम. दोन पक्षांसाठी दोन वेगळी पाने घ्या. एकाच पानावर कोंबले की रिपब्लिकन नियम डेमोक्रॅट आकड्यांना लागतो आणि सगळा हिशेब चुकतो. ही चूक सर्रास होते.

मतदान कोणाला खुले, हा रकाना गाळू नका. काही राज्यांत पक्षाकडे नोंदणी असलेल्यांनाच मत देता येते. न्यूयॉर्कमध्ये 2016 ची प्रायमरी 19 एप्रिलला होती, पण पक्ष बदलून नोंदवण्याची मुदत आदल्या वर्षीच्या 9 ऑक्टोबरलाच संपली होती. ट्रम्प यांच्या दोन मुलांनाही त्यामुळे वडिलांना मत देता आले नाही. अशा राज्यातल्या सर्वसाधारण जनमत चाचणीवरून अंदाज बांधाल तर तो चुकणारच.

डेमोक्रॅट पक्षाचे गणित

नियम सगळीकडे सारखा आहे: 15 टक्क्यांच्या खाली राहिला तो वाटपातून बाहेर; उरलेल्यांमध्ये मतांच्या प्रमाणात वाटप. समजा चार उमेदवारांना 44, 30, 14 आणि 12 टक्के मते पडली आणि डेलिगेट आहेत 8. शेवटचे दोघे बाद. आता 44 ला 100 ने नव्हे, 74 ने भागा. उत्तर 59.5 टक्के. त्याला 8 ने गुणले की 4.76. दुसऱ्याचे 3.24. पूर्णांक आधी द्या, 4 आणि 3. राहिलेला एक मोठ्या अपूर्णांकाला. निकाल 5 आणि 3.

हे गणित राज्यासाठी एकदाच करून भागत नाही. न्यू हॅम्पशायरचे 2016 चे 24 डेलिगेट चार गठ्ठ्यांत होते: दोन मतदारसंघांचे 8 आणि 8, राज्यस्तरीय 5, आणि पक्षनेते-लोकप्रतिनिधींसाठी राखलेले 3. सँडर्स 60, क्लिंटन 38. दोघांतला सँडर्स यांचा वाटा 61 टक्क्यांच्या थोडा वर. प्रत्येक गठ्ठा वेगळा सोडवा: 5-3, 5-3, 3-2, 2-1. बेरीज 15-9. वर्गात हे उदाहरण फळ्यावर एकदा सोडवून घ्याच, पुढचे सगळे सोपे जाते.

खरी मेख सम आणि विषम संख्येत आहे. मतदारसंघाला 4 डेलिगेट असतील तर सरळ लढतीत 3-1 होण्यासाठी 62.5 टक्क्यांच्या पुढे जावे लागते. 60-40 ने जिंकूनही 2-2 बरोबरीच होते. तेच 5 असतील तर एका मताच्या आघाडीवर 3-2. म्हणून जाणकार प्रचारयंत्रणा पैसा आणि माणसे विषम संख्येच्या मतदारसंघांत ओततात. ठाणेकरांना हे पटकन पटवायचे तर 2017 च्या महापालिका निवडणुकीतले चार जणांचे पॅनल आठवायला सांगा. तिथे अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेचे मत वेगळे असल्याने 40 टक्क्यांवरही एखादा पक्ष चारही जागा खेचू शकत होता. इथे त्याच्या नेमके उलट चालते.

रिपब्लिकन पक्षाचे गणित

इथे राज्यागणिक नियम बदलतो, म्हणून आधी नियम वाचा. साउथ कॅरोलायनात 29 डेलिगेट राज्यात पहिल्या आलेल्याला आणि सात मतदारसंघांत प्रत्येकी 3 तिथे पहिल्या आलेल्याला, अशी विभागणी होती. ट्रम्प यांनी राज्यही जिंकले आणि सातही मतदारसंघ. विरोधी मते पाच जणांत फुटली होती. 15 मार्चला फ्लोरिडाचे 99 डेलिगेटही पहिल्या आलेल्या ट्रम्प यांनाच गेले आणि त्याच रात्री मार्को रुबिओ बाहेर पडले.

निकालाच्या सकाळी

मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत न्यूयॉर्कपेक्षा आपले घड्याळ साडेदहा तास पुढे असते, नंतर साडेनऊ. सुपर ट्यूजडेला, म्हणजे अनेक राज्ये एकाच दिवशी मतदान घेतात त्या मंगळवारी, पूर्वेकडची पहिली केंद्रे संध्याकाळी 7 ला बंद होतात तेव्हा ठाण्यात बुधवारी पहाटेचे साडेपाच. कॅलिफोर्नियातली 8 ला बंद होतात तेव्हा सकाळचे साडेनऊ. ऐरोलीच्या ऑफिसला निघालेल्यांनी लोकलमध्ये फक्त एक गोष्ट टिपावी: 15 टक्क्यांच्या आसपास कोण घुटमळतोय. तो 14.8 वर अडकला की त्याचा वाटा इतरांत जातो. कॅलिफोर्नियाची पोस्टाची मते मोजायला आठवडे लागतात, तेव्हा तो रकाना पेन्सिलनेच भरा.

कॉकससाठी वेगळे पान. आयोवात 3 फेब्रुवारी 2020 ला तीन प्रकारचे आकडे जाहीर होणार होते: पहिल्या फेरीतली मते, 15 टक्क्यांखालचे गट पांगल्यानंतरची मते, आणि राज्य डेलिगेटचा (पक्षाच्या राज्य अधिवेशनातल्या प्रतिनिधींचा) हिशेब. आकडे कळवायच्या अॅपमध्ये घोळ झाला, फोनच्या लाइनी तुंबल्या, त्या रात्री निकालच लागला नाही. मतांमध्ये सँडर्स पुढे, राज्य डेलिगेटमध्ये पीट बुटिजिज निसटते पुढे. राष्ट्रीय डेलिगेट 14 बुटिजिज यांना, 12 सँडर्स यांना. दोन्ही गटांनी विजयाचा दावा केला. तीन रकाने असतील तर दोघे कशाच्या जोरावर बोलत होते ते दिसते.

वाद उठला की

आधी तो कशाबद्दल आहे ते पाहा, कारण त्यावर त्याचा परिणाम ठरतो. तारखेचा वाद थेट डेलिगेट कापतो: 2008 मध्ये फ्लोरिडा आणि मिशिगनने ठरल्याआधी मतदान घेतले, डेमोक्रॅट पक्षाने त्यांचे सगळे डेलिगेट काढून घेतले, 31 मे रोजी अर्धे मत परत दिले आणि अधिवेशनात पूर्ण. दर बदलाची तारीख टाकून वहीत नोंदवा, जुना आकडा खोडू नका.

पक्षकार्यालयाच्या निःपक्षपातीपणाचा वाद आकडे हलवत नाही, पण पुढचे नियम बदलतो. जुलै 2016 मध्ये डेमोक्रॅट पक्षसमितीचे ईमेल उघड झाले, अध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना पद सोडावे लागले. त्या वर्षी सातशेहून अधिक सुपरडेलिगेट (प्रायमरीच्या निकालाशी बांधील नसलेले पक्षनेते आणि लोकप्रतिनिधी) होते, त्यांतले बहुतेक क्लिंटन यांच्या बाजूचे, आणि वाहिन्या त्यांना पहिल्या दिवसापासून बेरजेत धरत होत्या. न्यू हॅम्पशायरची 15-9 ची जीत पडद्यावर 15-15 दिसली ती त्यामुळेच. सँडर्स समर्थकांचा संताप रास्त होता असे आमचे स्पष्ट मत आहे. 2018 मध्ये नियम झाला की चुरस असेल तर सुपरडेलिगेटना पहिल्या फेरीत मत नाही. तुमच्या बेरजेतही ते वेगळेच ठेवा.

आपल्याकडचा हमखास प्रश्न: तिकीट कापले की तिथे बंडखोरी का होत नाही? इथे एबी फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी हातात पडतो आणि नाराज माणूस अपक्ष अर्ज आधीच भरून बसलेला असतो. तिथे बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत दुसऱ्या चिन्हावर वा अपक्ष उभे राहण्यावर कायद्याने बंधने आहेत.

शेवटचा रकाना माघारीचा. डेमोक्रॅट पक्षात बाहेर पडलेल्या उमेदवाराचे मतदारसंघातले डेलिगेट त्याच्याकडेच राहतात. राज्यस्तरीय मात्र, त्यांची नावे ठरण्याआधी तो बाहेर पडला असेल तर, 15 टक्के ओलांडलेल्या इतरांत वाटले जातात. 2020 मध्ये बायडेन यांनी तडजोड करून सँडर्स यांचे ते डेलिगेट राहू दिले. 21 जुलै 2024 ला खुद्द बायडेन यांनी माघार घेतली तेव्हा त्यांच्याकडे 3,900 च्या आसपास डेलिगेट होते आणि ते कमला हॅरिस यांना आपोआप मिळाले नाहीत. ऑनलाइन मतदानात नाव येण्यासाठी 300 डेलिगेटच्या सह्या लागणार होत्या, एका राज्यातून जास्तीत जास्त 50. हॅरिस यांच्याशिवाय कोणालाच त्या जमल्या नाहीत.