बुजऱ्या घोड्यांसोबत काम करायचंय? मग आधी दोर सैल सोडायला शिका

रायडिंग बऱ्यापैकी येतं, आता घाबरट घोड्यांवर काम शिकायचंय, सुरुवात कुठून करू असं बरेच नवीन लोक विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझं मत आधीच सांगते. घोडा दाबाने शिकत नाही, दाब ज्या क्षणी जातो त्या क्षणी शिकतो. तुम्ही दोराला हलकासा ताण दिलात, त्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि तुम्ही तिथल्या तिथे हात सैल केलात की त्याला कळतं, हे पाऊल बरोबर होतं. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर तोवर त्याने मान वर झटकलेली असते, आणि मग तो मान झटकायला शिकतो. या कामातलं निम्मं कौशल्य या टायमिंगमध्ये आहे.

दाब म्हणजे फक्त लगाम आणि टाच नाही. तुम्ही त्याच्याकडे रोखून बघत तरातरा चालत गेलात तर तोही दाबच, खोगीर हातात घेऊन उभं राहिलात तरी दाब. घोड्याला अंगावर बसलेली माशीसुद्धा कळते, नेमकी तेवढीच कातडी थरथरवून तो ती उडवतो, त्यामुळे 'याला टाच जाणवतच नाही' असं कुणी म्हणालं तर पटवून घेऊ नका. जाणवते, पण त्याने उत्तर दिल्यावरही टाच कधी थांबलीच नाही म्हणून त्याने उत्तर देणं सोडलेलं असतं. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे जाताना खांद्याच्या दिशेने, तिरकं, तोंडाने काहीतरी बोलत जायचं.

कुठलंही ट्रेनिंग सुरू करण्याआधी दुखणं तपासून घ्या, यावर मी अजिबात तडजोड करत नाही. दात, पाठ, खूर, पोटातले अल्सर, न बसणारं खोगीर, यातलं एक जरी असेल तरी घोडा बुजरा किंवा वांड दिसतो आणि तुम्ही त्याच्या स्वभावावर काम करत बसता. पशुवैद्यक सू डायसन यांनी स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या 24 वागण्यांची यादी केलेली आहे, म्हणजे कान बराच वेळ मागे ठेवणं, तोंड सारखं उघडणं, शेपटी फटकारणं, अडखळणं वगैरे, आणि त्यातली 8 किंवा जास्त दिसली तर घोड्याला दुखत असण्याची शक्यता बरीच असते. ही यादी नवीन माणसाने पाठच करावी असं मला वाटतं.

आता प्रत्यक्ष काम. माझ्याकडे एक तांबूस घोडी होती, ती मानेला हात लावू द्यायचीच नाही. हात अजून वीतभर लांब असतानाच तिच्या खांद्याची कातडी थरथरायला लागायची, नाकपुड्या आवळलेल्या, डोळ्याच्या वरच्या बाजूला सुरकुत्या, आणि श्वास धरून ठेवलेला. अशा वेळी हात पुढे रेटायचा नाही आणि घाबरून झटक्यात मागेही घ्यायचा नाही, जिथे आहे तिथेच ठेवायचा आणि तिच्या बरगड्यांकडे बघत राहायचं. जरा वेळाने बरगड्या खाली गेल्या, म्हणजे तिने श्वास सोडला, की लगेच हात काढायचा आणि तोंड वळवून दोन पावलं लांब जायचं. परत यायचं, परत तेच. मग एकदा मी लांब गेल्यावर तीच मान वळवून माझ्याकडे बघायला लागली, आणि पुढच्या वेळी हात उलटा करून खांद्याला टेकवला तर कातडी हलली नाही. तिथून खाजवत खाजवत मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो तिथे गेले. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी होतात, हे मोजून बघितलेलं आहे. तिने वरचा ओठ लांब करून हलवायला सुरुवात केली तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून आठवतो.

मग हेच सगळं दुसऱ्या बाजूने, कारण डावीकडून चालणारी गोष्ट उजवीकडून दिसली की बरेच घोडे नव्याने दचकतात.

इथे एक गोष्ट नवीन लोकांच्या हमखास नजरेतून सुटते. स्तब्ध उभा असलेला घोडा शांत असतोच असं नाही. मान वर, अंग ताठ, पापणी मिटत नाही, शेपटी दाबून धरलेली, असा घोडा गोठलेला असतो, आणि असे घोडे कुठलीही सूचना न देता अचानक उधळतात असं जे म्हणतात ना, त्यांनी सूचना दिलेली असते, फक्त ती बारीक असते. शांत घोडा पापण्या मिटतो, मान खाली सोडतो, फुरफुरतो, एक मागचा पाय सैल ठेवतो. म्हणूनच घोड्याला बांधून त्याच्या अंगावर ताडपत्री फडफडवत राहायची, तो हरून गप्प होईपर्यंत, ही पद्धत मला मान्य नाही. तो गप्प होतो, पण विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा ताडपत्री घेऊन तुम्ही त्याच्यापासून लांब चालत जा आणि त्याला मागून येऊ द्या, लांब जाणारी वस्तू घोड्याला कमी भीतीची वाटते आणि बऱ्याचदा तो स्वतःहून ती हुंगायला येतो.

स्वार बसायच्या आधी जमिनीवर चार गोष्टी हलक्या दाबावर यायला हव्यात: पुढे येणं, थांबणं, मागे जाणं, आणि मागचा भाग बाजूला सरकवणं. ही चौथी सगळ्यात महत्त्वाची, कारण मागचे पाय एकमेकांना ओलांडून बाजूला गेले की सरळ उधळायची ताकद कमी होते, पाठीवर असताना हाच तुमचा ब्रेक. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा, एका दमात आवळू नका, थोडा आवळा, चार पावलं चालवा, मग पुढचं भोक. बसताना स्टूलवरून बसा, आधी नुसता पोटावर आडवा भार द्या, घोडा श्वास सोडेल तेव्हा उतरा, आणि हे अगदी कंटाळवाणं होईपर्यंत करा. पाठीवर बसल्यावर घाबरून पाय आवळून धरले आणि लगामही खेचला तर तुम्ही त्याला एकाच वेळी 'पळ' आणि 'थांब' सांगताय, आणि याला उत्तरच नसतं. घोड्याच्या भीतीचं मला दिसलेलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

सेफ्टीचं पटकन सांगते: हेल्मेट, हातमोजे, टाचेचे बूट, दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही, आणि बुजऱ्या घोड्याला पक्कं बांधायचं नाही, खांब आणि दोर यांच्यामध्ये सहज तुटेल अशी सुतळी ठेवायची.

शिकायला जागा निवडताना घोडे मोकळे असताना जाऊन बघा. त्यांना सोबत दुसरे घोडे आहेत का, दिवसभर चरायला किंवा चारा चघळायला मिळतो का, नाकपट्ट्याखाली दोन बोटं जातात का. चोवीस तास एकटा कोंडलेला घोडा कितीही चांगल्या ट्रेनरकडे बुजराच राहतो. शिकवणाऱ्याला विचारा की घोडा घाबरला तर तुम्ही काय करता, आणि त्याच्या उत्तरापेक्षा तो घोड्याजवळ गेल्यावर घोड्याचे कान काय करतात ते बघा. सुरुवातीचे काही महिने शेण काढणं, खरारा करणं, पाणी भरणं हेच मिळेल, ते आनंदाने घ्या, घोड्याचं रोजचं वागणं तिथेच कळतं आणि कुठल्या घोड्याचं आज काहीतरी बिनसलंय हे ट्रेनरच्याही आधी मोतद्दाराला, म्हणजे घोड्यांची रोजची देखभाल करणाऱ्याला, कळतं. रोज संध्याकाळी दोन ओळी लिहून ठेवा, कुठला घोडा कशाला दचकला, किती लांबून दचकला आणि सावरायला किती वेळ लागला. सावरायचा वेळ कमी होत असेल तर काम बरोबर चाललंय, जरी दचकणं अजून तेवढंच असलं तरी.