मिशनच्या कॉलेजात पोरगं पाठवताय? मग आधी आईबापांची तयारी बघू

निकाल लागला की ओळखीपाळखीतले फोन सुरू होतात आणि प्रश्न साधारण एकच असतो, "तुमची दोन्ही मुलं ख्रिश्चन कॉलेजात शिकली ना, तिथे धर्माचं काही करतात का हो?" मुलगी कॅथलिक सिस्टर लोकांच्या मुलींच्या कॉलेजात होती आणि मुलगा प्रोटेस्टंट मिशनच्या, हे ख्रिस्ती धर्मातले दोन वेगळे पंथ, त्यामुळे दोन्हीकडचं जवळून बघितलंय. माझं सरळ मत सांगते, आईबाप सगळी काळजी धर्माच्या प्रश्नावर खर्च करतात आणि ज्याची खरंच तयारी लागते, म्हणजे हजेरी, इंग्रजी, स्वतः जाऊन ऑफिसात चार शब्द बोलणं, ते तसंच राहतं.

पहिलं म्हणजे कॉलेज नक्की कुणाचं आहे ते बघा. नावावर जाऊ नका, फसायला होतं. फर्ग्युसन हे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरच्या नावाचं, पण संस्था आपली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, चर्चचा काही संबंध नाही. पुण्याचं सेंट मीराज साधू वासवानींचं. आणि उलट अहमदनगर कॉलेज, नावात काही कळत नाही पण १९४७ साली ते काढलं डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळेंनी, म्हणजे एका मराठी ख्रिस्ती माणसानेच. मुंबईचं विल्सन आणि नागपूरचं हिस्लॉप स्कॉटिश मिशनऱ्यांच्या नावाची, प्रोटेस्टंट परंपरेतली, तर मुंबईचंच झेवियर्स १८६९ पासून जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांचं. फरक काय पडतो तर कॅथलिक कॉलेजात ऑफिसात, हॉस्टेलला फादर किंवा सिस्टर भेटतात, आवारात चॅपल म्हणजे छोटं प्रार्थनाघर असतं, मरियेची मूर्ती असते. प्रोटेस्टंटांकडे हे दिसणं कमी, कित्येकदा प्रिन्सिपल पण साधे प्रोफेसरच असतात. पोराला निदान एवढं माहीत असू द्या की फादरला 'सर' म्हटलं तर कुणी रागवत नाही, पण 'फादर' म्हणतात आणि नन असेल तर 'सिस्टर', नाहीतर पहिले काही दिवस बिचारं कोणाला काय म्हणायचं या गोंधळातच असतं.

आता तो धर्माचा प्रश्न. राज्यघटनेचं कलम २८(३) आहे, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही, त्याची स्वतःची संमती लागते आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाची. अकरावीचं पोरगं अठराच्या आतलं, म्हणजे संमती तुमची. म्हणून अॅडमिशन फॉर्मच्या मागच्या पानावर जे बारीक टाईपात छापलेलं असतं ते वाचून सही करा, आपण काय करतो तर क्लार्क बोट दाखवेल तिथे सह्या मारत सुटतो. प्रत्यक्षात काय असतं तर असेंब्लीला एखादी प्रार्थना, कधी बायबलमधला उतारा, आणि व्हॅल्यू एज्युकेशनचा तास, ज्यात प्रामाणिकपणा, व्यसन, मोबाईल असले विषय. मुलीला मी एवढंच सांगितलं होतं की हात जोडायचे की नाही तुझं तू ठरव, पण बाकीचे प्रार्थना करतायत तेव्हा गप्प उभं राहायचं, खिदळायचं नाही. तेवढं पुरलं.

आणि ख्रिस्ती घरांतल्या आईबापांना वेगळंच सांगावं लागतं. वसईची माझी एक मैत्रीण अगदी निश्चिंत होती की कॉलेज ख्रिश्चन आहे म्हणजे पोरगा रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाईलच. तसं काही नसतं हो. वर्गात बहुतेक सगळे बाकीच्या धर्मांचे, शिक्षकही तसेच, आणि चर्चला गेलास का म्हणून विचारायला कुणी रिकामं नसतं. जवळचा पॅरिश, म्हणजे त्या भागाचं चर्च, कुठला, मिस्सा किती वाजता, हे घरूनच बघून द्या.

अॅडमिशनचं थोडक्यात. आपल्याकडे अकरावीला अल्पसंख्याक कॉलेजात (ख्रिश्चन कॉलेजं त्यातच येतात) ५० टक्के जागा त्या त्या अल्पसंख्याक समाजाला, इनहाऊस म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांना १० टक्के, मॅनेजमेंट म्हणजे संस्थाचालकांच्या हातातल्या ५ टक्के. ख्रिस्ती मुलांनी बाप्तिस्म्याचा दाखला आणि पॅरिश प्रीस्टचं पत्र आधीच काढून ठेवा, पाळक गावाला गेलेत असं ऐन वेळी निघतं. कोट्यातल्या न भरलेल्या जागा सरेंडर होऊन सर्वांसाठीच्या फेरीत येतात, त्यामुळे पहिल्या यादीत नाव नाही म्हणून लगेच रडारड नको. अजून एक, जे खूप जणांना उशिरा कळतं. ९३व्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम १५(५) अल्पसंख्याक संस्थांना जातीच्या आरक्षणातून वगळतं. म्हणजे जातीच्या दाखल्यावर तिथे सीट धरून चालू नका, दुसरं कॉलेज यादीत ठेवा, पण दाखला काढून ठेवाच, स्कॉलरशिपला लागतो. मॅनेजमेंट कोट्यात पैसे मागितले तर पावतीशिवाय एक रुपया देऊ नका, मागणारा कितीही गोड बोलो.

शिस्त मात्र खरोखर कडक असते. ७५ टक्के हजेरी बाकी कॉलेजांत कागदावर असते, इथे ती मोजतात आणि घरी पत्र येतं. आयकार्ड गळ्यात नसेल तर गेटवरच थांबवतात. आजारी पडलं तर दुसऱ्या दिवशी अर्ज द्यायचा आणि तो पोराने स्वतः लिहायचा. हे मी सुट्टीत दोघांकडून करून घेतलं होतं, कोऱ्या कागदावर तारीख, कुणाला, वर्ग आणि रोल नंबर, कुठल्या दिवशी नव्हतो, का नव्हतो, खाली सही, आणि मागे डॉक्टरची चिठ्ठी पिनअप. पाच ओळींचं काम, पण बारावीच्या पोरांना येत नाही! मुलगा पहिल्यांदा लिहायला बसला तेव्हा "आय अॅम सफरिंग" च्या पुढे गाडी जाईना. आणि अर्ज घेऊन तुम्ही जाऊ नका. काही झालं की आई ऑफिसच्या खिडकीत उभी, हे तिथल्या लोकांना अजिबात आवडत नाही, तोंडावर सांगतातही. झेवियर्ससारख्या ठिकाणी तर समाजकार्याचे तास भरणं हा डिग्रीचाच भाग आहे, तिथे संस्थांना फोन करणं, वेळ ठरवणं सगळं पोरांनाच करावं लागतं.

इंग्रजीबद्दल, मराठी मीडियमवाल्यांसाठी. जूनच्या तोंडावर महागडा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावून काही होत नाही असं मला वाटतं. अडतं ते बोलण्यात नाही, विषयाच्या शब्दांत अडतं. मुलाला जमा-नावे पक्कं येत होतं, पण वर्गात डेबिट-क्रेडिट म्हणाले की तो मनात भाषांतर करेपर्यंत सर पुढच्या एंट्रीला. मग आम्ही वहीत दोन रकाने आखले, डावीकडे मराठी शब्द उजवीकडे इंग्रजी, आणि पुस्तकाचा रोज एक धडा मोठ्याने वाचायचा, उच्चार चुकले तर चुकू देत. दिवाळीपर्यंत गाडी रुळावर आली. कँटीनमधल्या फाड फाड इंग्रजीला दबायचं नाही हे सांगून ठेवा, त्यातली निम्मी मुलं घरी मराठी नाहीतर कोकणीच बोलतात.

हॉस्टेल असेल तर गेट किती वाजता बंद होतं, लोकल गार्डियन लागतो का, स्टडी अवर्समध्ये फोन जमा करतात का, शाकाहारी असाल तर मेसमध्ये वेगळं बनवतात का की त्याच ताटातलं बाजूला काढून खायचं, हे सगळं फी भरायच्या आधी वॉर्डनला विचारा. आपण जेवणाचं विचारायला लाजतो आणि मग पोरगं महिनाभर बिस्किटांवर.

आणि सुट्ट्या. नाताळची सुट्टी लांब असते, गुड फ्रायडे असतो, पण गणपतीत पाच दिवस मिळतीलच असं धरू नका, काही ठिकाणी चतुर्थीचा एक दिवस आणि लगेच युनिट टेस्ट. कोकणात जाणाऱ्यांनी तर कॉलेज सुरू झाल्या झाल्या वर्षाचं कॅलेंडर मागून घ्या, कारण रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि चाकरमानी ते काही मिनिटांत संपवतात.