झेडपी शाळेत प्रयोग दाखवायला जाताय? या चुका टाळा

28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की जळगाव-धुळ्याकडचे एमएस्सी, पीएचडीवाले पोरंपोरी पिशव्या भरून खेड्यावरच्या शाळांत निघतात, छान आहे, पण निम्मे जण तिथं जाऊन लेक्चरच देतात. दुसरी-तिसरीच्या पोरांना आधी हात लावू द्या, थेअरीचं नंतर बघू.

केळीचा डीएनए काढायचा प्रयोग रावेर-यावलकडे एकदम हिट, केळी तर घरचीच. पण बऱ्याचदा तो फसतो स्पिरीटमुळे. उन्हात गाडीवर नेलेलं कोमट स्पिरीट चालत नाही, थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात बाटली ठेवा. केळ पिकलेलं हवं, मीठ-पाणी आणि भांड्यांचं लिक्विड घालून पोरांनीच पिशवीत कुस्करायचं, गाळायचं, मग ग्लास तिरपा धरून कडेनं हळूच स्पिरीट सोडायचं. बदकन ओतलं की सगळं मिक्स, डीएनएचे पांढरे धागे दिसतच नाहीत. स्पिरीट मात्र तुमच्याच हातात राहू द्या, आणि जवळपास खिचडीची चूल पेटलेली नाही ना ते बघा.

कंगवा घासून कागदाचे कपटे उचलायचे असतील तर एक लक्षात घ्या, शाळेत येताना आईनं डोक्याला चापून तेल लावलेलं असतं, त्या केसांवर कंगवा काय डोंबल चार्ज होणार! फुगा न्या, कोरड्या लोकरीवर घासा. अन् पावसाळ्यात हा प्रयोग ठेवूच नका, हवेतल्या ओलाव्यानं चार्ज टिकत नाही.

तापीच्या वाळूत चुंबक फिरवलं की काळे कण चिकटतात, आपल्याकडच्या काळ्या दगडातलं मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज ते. चुंबक उघडं घातलं तर ते कण निघता निघत नाहीत, सरळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घाला, मग पिशवी उलटी केली की झालं.

हळदीच्या कागदाला साबण लावायच्या आधी लाल होईल हे सांगून टाकू नका राव! "आते काय व्हई?" एवढं विचारा नि गप्प बसा. अहिराणीत विचारलं की मागच्या रांगेतलं न बोलणारं पोरगं पण बोलतं (सातपुड्याच्या पाड्यांवर पावरी-भिली बोली बोलता येणारं कुणीतरी सोबत न्या).

आणि स्टेजवर एकच हुशार पोरगी बोलवून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवू नका. चार-पाच जणांत एक सामान, तेवढं पुरत नसेल तर प्रयोग कमी करा.