समनर खेळायचाय? मग बिल्डच्या आधी टेबल बघा

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं रविवारचं डी अँड डीचं (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) टेबल बसतं, तिथं नवीन कुणी आलं की प्रश्न ठरलेला असतोय, मला समनर (जादूनं प्राणी बोलवून त्यांना लढवणारं पात्र) करायचाय, कुठला बिल्ड (पात्राची आखणी) लई भारी? आणि बहुतेक जण नेटवर डॅमेजची गणितं बघून आलेले असतात, आठ लांडगे बोलवायचे आणि सगळं फाडून टाकायचं. गणित बरोबरच आहे त्यांचं. पण बिल्ड निवडताना पहिल्यांदा बघायचं असतं की तुमचा एक टर्न टेबलावर किती वेळ खाणार, कारण बाकीचे चार जण तेवढा वेळ तुमच्याकडं बघत बसणार असतात. माझं मत स्पष्ट आहे, जेवढे प्राणी तुम्ही दोन मिनिटांत खेळवू शकता तेवढेच बोलवणारा बिल्ड घ्या, पॉवर नंतर बघू.

खालचं सगळं पाचव्या एडिशनचं, २०१४ च्या नियमांवर आहे. तुमचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, २०२४ चं पुस्तक वापरत असेल तर ते आधी विचारून घ्या, कारण तिथं प्राणी बोलवायचा स्पेल (मंत्र) कॉन्ज्युअर ॲनिमल्स पूर्ण बदललाय, आता खरे प्राणी येतच नाहीत, भुताटकीचा एक कळप मैदानात फिरतो आणि जवळ येईल त्याला डॅमेज देतो. म्हणजे लांडग्यांचा बिल्ड डोक्यात धरून गेलात आणि टेबल नवीन नियमांचं निघालं तर सगळा प्लॅन गेला.

आता लांडगेच घेऊ, कारण सगळ्यांना तेच पाहिजे असतं. शेफर्ड ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्या ड्रुइडचा एक प्रकार, २०१७ च्या झॅनाथर्स गाईड या पुस्तकातला. लेव्हल ५ ला तिसऱ्या लेव्हलचा कॉन्ज्युअर ॲनिमल्स मिळतो, त्यात एक ताकदवान प्राणी किंवा दोन मध्यम किंवा चार कमजोर किंवा आठ अगदी कमजोर, असे पर्याय असतात, आणि लांडगा आठवाल्या गटात बसतो. लेव्हल ६ ला मायटी समनर येतं, त्यामुळं प्राण्याच्या प्रत्येक हिट डाइसमागं (ज्या फाशांवरनं त्याचा जीव ठरतो) २ एचपी (जीवाचे पॉइंट) वाढतात, लांडग्याचे हिट डाइस दोन, म्हणजे ११ चे १५ झाले. वर बेअर टोटेम (शेफर्ड बोलवतो तो अस्वलाचा आत्मा) टाकला की प्रत्येकाला ५ अधिक तुमची ड्रुइड लेव्हल, म्हणजे ११ टेम्पररी एचपी. झाले २६, आणि असे आठ. समोरच्याचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १५ असेल तर फाशावर +४ मिळवून लांडग्याचा वार अर्ध्या वेळा लागतो, पण पॅक टॅक्टिक्समुळं (कळपानं हल्ला करायची खुबी) ॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा, आणि तेच ७५ टक्क्यांवर जातं, एका चाव्याचं सरासरी डॅमेज ७, तर आठही जण पोचले तर राउंडला साधारण ४२, शिवाय प्रत्येक चाव्याला समोरचा आडवा पडायचा चान्स. त्या लेव्हलला नाद खुळा आकडा आहे हा.

यात क्रम लई महत्त्वाचा. बेअर टोटेमचे एचपी टोटेम प्रकट होतो त्या क्षणी जे ३० फुटांच्या आत असतील त्यांनाच मिळतात, नंतर आत आलेल्याला नाही. म्हणून आधी ॲक्शनमध्ये (टर्नची मुख्य कृती) प्राणी बोलवा, मग त्याच टर्नला बोनस ॲक्शनने (जोडीची छोटी कृती) टोटेम. उलटं केलं तर टोटेम वाया गेलाच म्हणून समजा, शॉर्ट रेस्टपर्यंत परत मिळत नाही.

आणि दुसरी गोष्ट, किती प्राणी ते तुम्ही ठरवता, पण कुठले येणार ते २०१४ च्या नियमांत डीएम ठरवतो. तुम्ही आठ मागाल आणि समोर आठ लांडगेच उभे राहतील याची खात्री नाही. म्हणून कॅरेक्टर शीट भरायच्या आधी डीएमशी बोला, बाबा तू काय देणार आहेस, आणि तो म्हणाला की आठचा पर्याय मी चालवून घेणार नाही तर वाद घालू नका, त्याला पण आठ जणांचं इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम), जागा, एचपी सगळं सांभाळायचं असतंय.

तरी पण लांडगेच घ्यायचे असतील, तर तयारीनं या. आमच्याकडं मिनिएचर नसतात, आम्ही कॅरमच्या सोंगट्या वापरतो, प्रत्येक सोंगटीवर खडूनं १ ते ८ नंबर, वहीत त्याच नंबरापुढं एचपी, पेन्सिलनं. ॲडव्हान्टेजमुळं आठ लांडग्यांना सोळा डी२० (वीस बाजूंचे फासे) होतात, ते एकेक टाकत बसलात तर चहा गार होतोय सगळ्यांचा. रंगाच्या जोड्या करा, दोन लाल म्हणजे पहिला लांडगा, दोन हिरवे म्हणजे दुसरा, आणि मूठभर एकदम टाका. डॅमेज टाकूच नका, स्टॅट ब्लॉकमध्ये (प्राण्याच्या आकड्यांचा तक्ता) सरासरी छापलेली असतेच, ७ धरा आणि पुढं चला. डीएम्स गाईडमध्ये मोठ्या घोळक्यासाठी एक टेबल पण आहे, समोरच्याला लागायला ६ ते १२ च्या मधला आकडा लागत असेल तर दर दोन हल्लेखोरांमागं एकाचा हल्ला लागला असं धरायचं. आठ असतील तर चार लागले, विषय संपला. ॲडव्हान्टेजचा फायदा त्यात मोजला जात नाही, पण टर्न तीस सेकंदांत होतो.

एवढं सगळं वाचून डोक्याला ताप वाटत असेल तर तुमच्यासाठी २०२० च्या टाशाज कॉल्ड्रन या पुस्तकातले समन स्पेल आहेत, आणि पहिल्यांदा समनर खेळणाऱ्याला मी तेच सांगतो. समन बीस्ट, समन फे, समन अनडेड वगैरे. एकच प्राणी येतो, त्याचा स्टॅट ब्लॉक स्पेलमध्येच छापलेला, तुमच्या टर्नच्या लगेच नंतर त्याचा टर्न, हल्ला तुमच्याच स्पेल अटॅकनं. डीएमला काही निवडायचं नाही, पुस्तकं उलटायची नाहीत. दुसऱ्या लेव्हलच्या स्लॉटनं (स्पेल टाकायचा मोजका कोटा) समन बीस्ट टाकला आणि जमिनीवरचा प्राणी घेतला तर ३० एचपी, एसी १३, आणि चाव्याला १डी८+६ (आठ बाजूंचा एक फासा अधिक ६). स्लॉट वाढवला की तो पण वाढतो, चौथ्या लेव्हलच्या स्लॉटला दोन हल्ले. फक्त एक बघा, या स्पेलना महागडी वस्तू लागते, समन बीस्टला २०० सोन्याची नाणी, समन अनडेडला ३००, एकदाच घ्यायची, खर्च होत नाही, पण कॅम्पेनच्या सुरुवातीला खिसा रिकामाच असतो. पार्टीत लूट वाटताना आधीच सांगून ठेवा.

मग नेक्रोमन्सर, मेलेल्यांना उठवणारा विझार्ड. याच्यावर माझा जीव आहे. त्याच्या ॲनिमेट डेड स्पेलला कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला धरून ठेवायचं लक्ष, एका वेळी एकाच स्पेलवर) लागत नाही, हीच त्याची सगळ्यात मोठी ताकद, कारण बाकी बहुतेक समनरांचं एकच कॉन्सन्ट्रेशन प्राण्यांत अडकून पडतं आणि हा मात्र सांगाडे उभे करून वर दुसरा स्पेल धरून ठेवू शकतो. लेव्हल ६ ला अनडेड थ्रॉल्स मिळतं, एका स्पेलमध्ये एकाऐवजी दोन उठतात, सांगाड्याचे १३ चे १९ एचपी होतात आणि डॅमेजमध्ये तुमचा प्रोफिशिअन्सी बोनस (लेव्हलप्रमाणे वाढणारा आकडा) मिळतो. धनुष्य देऊन मागं उभे करा, पुढं पाठवू नका, गदा-हातोड्याचा मार त्यांना दुप्पट लागतो.

पण रोजचा हप्ता आहे. ताबा २४ तासच राहतो, परत टाकला तर चार जणांवर ताबा टिकतो, म्हणजे रोज सकाळी एक तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट गेलाच. विसरलात तर तेच सांगाडे तुमच्यावर उलटू शकतात. शिवाय गावात शिरताना हाडांची रांग मागं घेऊन जाणार का, वेशीवरचे पहारेकरी काय म्हणणार, आणि पार्टीत पॅलाडिन (धर्मयोद्धा) असेल तर तो गप बसणार का? पॅलाडिन खेळणाऱ्या मित्राला आधी फोन करा, खरंच सांगतोय, हा प्रश्न गेम सुरू झाल्यावर निघाला तर अख्खी संध्याकाळ त्यातच जाते. कॅम्पेन शहरातलं आणि दरबारी असेल तर नेक्रोमन्सर घेऊ नका, किल्ले-भुयारं-स्मशानं असतील तर बिनधास्त घ्या.

एक कायमचा सोबती पाहिजे असेल तर गोष्ट वेगळी. बॅटल स्मिथ आर्टिफिसरचा (जादूच्या वस्तू बनवणारा कारागीर) स्टील डिफेंडर हा यांत्रिक सोबती लेव्हल ३ ला मिळतो, कॉन्सन्ट्रेशन नाही, एसी १५, आणि जवळच्या साथीदारावर वार झाला तर रिॲक्शननं त्या वाराला डिसॲडव्हान्टेज देतो. मेंडिंग स्पेल टाकून दुरुस्त होतो, पडलाच तर एका तासाच्या आत स्मिथ टूल्स आणि एक स्लॉट वापरून उभा करता येतो. दर टर्नला बोनस ॲक्शन मात्र त्यालाच द्यावी लागते, नाहीतर तो नुसता डॉज करत उभा राहतो. वॉरलॉकचा पॅक्ट ऑफ द चेन (छोटा जादुई सोबती देणारा पर्याय) लढाईसाठी घेऊ नका, तो हेरगिरीसाठी आहे, इम्प (छोटा सैतान) अदृश्य होऊन दाराच्या पलीकडं काय आहे ते सांगतो आणि त्यातच अर्धी लढाई वाचते. बीस्ट मास्टर रेंजर टाशाजमधल्या प्रायमल कम्पॅनियनसह घ्या, जुना घेऊ नका, एवढंच.

पाथफाइंडर सेकंड एडिशन हा दुसरा खेळ खेळत असाल तर तिथं समनर नावाचा स्वतंत्र क्लासच आहे, २०२१ ला आलेला. तुम्ही आणि तुमचा आयडोलन (बोलवलेला सोबती) यांचे एचपी एकच असतात, जादा हल्ल्यांची पेनल्टी पण दोघांत मिळून, त्यामुळं त्याला पुढं ढकलून स्वतः मागं निवांत बसायची सोय नाही.

समनर हा वस्ताद असतो, कुस्ती पैलवान खेळतो, पण कुणाला कधी आखाड्यात सोडायचं ते वस्तादानं आधीच ठरवलेलं असतं. म्हणून दुसऱ्याचा टर्न चालू असतानाच तुमचा प्राणी कुठं जाणार, कुणाला मारणार हे ठरवून ठेवा, डीएमनं नाव घेतलं की लगेच बोलायचं, "तीन नंबर आणि चार नंबर ओग्रवर, बाकीचे क्लेरिकला घेरून उभे". असं बोलणारा समनर असेल तर कुठलंच टेबल त्याला नको म्हणत नाही.

आणि कॉन्सन्ट्रेशनवाला बिल्ड घेतला असेल तर लेव्हल ४ ला आकडे वाढवायच्या मोहात पडू नका. मार लागला की १० किंवा डॅमेजच्या निम्मे, जे मोठं असेल तेवढ्या डीसीचा (गाठायचा आकडा) कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (दम टिकवायचा फासा) द्यावा लागतो, आणि तो हुकला की आठच्या आठ लांडगे एका क्षणात गायब. त्याऐवजी वॉर कास्टर हे फीट (खास कौशल्य) घ्या, त्या सेव्हला ॲडव्हान्टेज मिळतो. कॉन्स्टिट्यूशन विषम असेल तर रेझिलिअंट घ्या, एक पॉइंट पण वाढतो. कॉन्ज्युरेशन विझार्डला लेव्हल १० नंतर कॉन्ज्युरेशनच्या स्पेलसाठी मार लागून कॉन्सन्ट्रेशन तुटायची भीतीच राहत नाही, पण तिथवर पोचायच्या आधी बरीच कॅम्पेनं संपलेली असतात, त्यामुळं त्याच्या भरवशावर बिल्ड आखू नका. आणि तुम्ही स्वतः खांबामागं उभे राहा, शत्रूला शहाणपण असेल तर तो लांडगे सोडून थेट तुमच्यावर येतो.