पक्ष्यांच्या रंगांवर काम करायचंय? आधी चिठ्ठी वाचा

धुऱ्यावरच्या तारेवर नीलपंख बघत वाढलेली आमच्या अमरावती जिल्ह्यातली पोरं बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतात आणि विचारतात, "रंगांवर काम करायचं तर कॅमेरा कोणता घेऊ?" मी म्हणतो, कॅमेरा राहू दे, संग्रहालयाला पत्र लिही.

मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सारख्या संग्रहात कापूस भरलेले पक्षी खणात ओळीनं उताणे ठेवलेले असतात. डोळ्यांच्या जागीही कापूसच. पऱ्हाटीच्या मुलखातल्या माणसाला आधी तोच दिसतो. पायाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली: कुठे, केव्हा, कोणी मिळवला, नर की मादी. चोच, पाय, डोळे यांचे रंग मेल्यावर उतरतात, तेव्हा त्यांची नोंदही तिथंच शोधायची.

या चिठ्ठीची किंमत रानपिंगळ्यानं दाखवून दिली. १८८४ नंतर तो सापडत नव्हता. माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश संग्राहकाच्या एका नमुन्यावर १९१४ साल आणि गुजरात लिहिलेलं होतं. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासलं, तर तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना निघाला, चिठ्ठी खोटी. मग खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरून शोध घेतला आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पक्षी दिसला. आपल्या मेळघाटातही तो आहे.

आता रंग. हळद्याचा पिवळा कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा, उजेडात विटतो. म्हणून शोकेसमधला नमुना सोडा, बंद खणातला घ्या. कोतवालाचा काळा मेलॅनिन या रंगद्रव्याचा, तो बराच टिकतो. नीलपंखाच्या निळ्यात तर निळं रंगद्रव्यच नसतं, पिसातल्या सूक्ष्म रचनेमुळे तो निळा दिसतो. जुना नमुना मळकट दिसला तर काजळीचाही संशय घ्या. अमेरिकेच्या औद्योगिक पट्ट्यातल्या १३५ वर्षांच्या नमुन्यांवरची काजळी मोजून तिथल्या हवेचा इतिहास २०१७ मध्ये मांडला गेला. चंद्रपूरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

बऱ्याच पक्ष्यांना अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाश दिसतो, आपल्याला नाही. त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. ३०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा परावर्तित प्रकाश मोजणारं यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रोमीटर, लागतो. पांढऱ्या प्रमाण चकतीवर तो मधूनमधून जुळवून घ्या. प्रोबचा, म्हणजे पिसावर टेकवायच्या त्याच्या टोकाचा, कोन बदलू देऊ नका, निळ्या पिसांवर तर मुळीच नाही. एकाच जागी प्रोब उचलून पुन्हा टेकवत तीनदा मोजा, सरासरी काढा. हातमोजे घालाच, जुन्या कातड्यांना आर्सेनिक लावलेलं असतं.

पत्र मार्गदर्शकाच्या सहीनं, कॉलेजच्या लेटरहेडवर पाठवा. कोणती जात, किती नमुने, अंगाचा कोणता भाग, किती दिवस बसणार, सगळं लिहा. "पक्ष्यांची आवड आहे" एवढ्यावर कोणी खण उघडून देत नाही.