पिकअपची शेपटी खाली आणताना

घोडबंदर रोडला ओवळ्याजवळ आमची नर्सरी आहे. कुंड्या पोहोचवायला जुनी पिकअप घेतली, आणि रिकामी उभी असली की तिची शेपटी वर. पिकअप बनवतातच तशा. माल भरला की मागून दबून सपाट यावी म्हणून. पण आमचा माल म्हणजे जास्वंद, मोगरा, कोकोपीट. हौदा भरतो, वजन भरत नाही. मग हौद्याचा उतार कायम केबिनकडे. कुंड्यांतून झिरपलेलं पाणी पुढच्या कोपऱ्यात साचायचं आणि दोन पावसाळ्यांत तिथला पत्रा सडला. फाळकाही इतका उंच की मोठी कुंडी चढवताना आईची कंबर धरायची.

गॅरेजवाला म्हणाला, कमानीचा, म्हणजे मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, एक पाटा काढून टाकू. काढला. गाडी दिसायला सरळ झाली. जुलैत गायमुखचा घाट उतरत होतो, गाडी रिकामी, रस्ता ओला. पुढच्या टेम्पोमुळे ब्रेक दाबला तर मागची दोन्ही चाकं जॅम झाली आणि शेपटी डावीकडे सरकली. कठड्याच्या अलीकडे थांबलो, पण हात बराच वेळ थरथरत होते.

कारण नंतर कळलं. बऱ्याच पिकअपना चासीवर एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, त्याच्यापासून एक सळई एक्सलपर्यंत जाते. माल भरला की चासी खाली येते, सळई व्हॉल्व्हचा दांडा हलवते आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. आमची चासी पाटा काढल्यामुळे खाली आली होती. व्हॉल्व्हला वाटलं, माल भरलाय! आधी गाडीखाली वाकून ही सळई शोधा, मगच पाना हातात घ्या.

पाटा काढू नका, याचं कारणही इथंच आहे. पाटा गेला की कमान मऊ पडते, तेवढ्याच मालाला गाडी जास्त दबते आणि सळईचं गणित कधीच जुळत नाही. मी तो पाटा परत बसवला आणि भिवंडी बायपासच्या कमानवाल्याकडून सगळ्या पाट्यांची गोलाई कमी करून घेतली. एक्सल आणि कमान यांच्यामध्ये ठोकळा टाकायचा उपाय कमान एक्सलच्या खाली असेल तरच चालतो. आमच्यासारखी कमान एक्सलच्या वर असेल तर ठोकळ्याने गाडी उलट उचलली जाते.

आधी माप. टायरची हवा बरोबर, गाडी रिकामी. जमीन सपाट आहे असं समजू नका. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पाण्याची नळी चाकांखालच्या जमिनीला आणि चासीला पुढे-मागे लावा, जमिनीचा उतार हिशेबातून काढून टाका. आमच्या गाडीत फरक 65 मिमी निघाला. मी 40 उतरवले, उरलेले 25 मालासाठी ठेवले. एक्सल आणि तो चासीवर आदळू नये म्हणून असलेला रबरी स्टॉपर, यांच्यातलं अंतरही मोजा. तेही 40 ने कमी होणार, आणि ओल्या मातीच्या गोण्या भरल्यावर तिथे जागा उरली पाहिजे.

कमान एक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या नटांना आदल्या रात्रीच डिझेल लावा. गाडी रिकामी आणि चाकांवर उभी असतानाच व्हॉल्व्हच्या दांड्याची जागा रंगाने खुणावून ठेवा. मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग नाही, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके. घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, चासीखाली, एक्सलखाली वेगळा जॅक. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. शॉकअपचे खालचे बोल्ट आणि सळई सोडा, मग यू-बोल्ट काढून एक्सल हळूहळू उतरवा. ब्रेकच्या होजला ताण येऊ देऊ नका. कमान काढल्यावर पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट उघडण्याआधी पाटे शिकंज्यात घट्ट आवळा, नाहीतर ते उसळून बोटं जातात. जुन्या कमानीची गोलाई प्लायवूडवर खडूने काढून घ्या. कमानवाल्याला तोंडी सांगण्यापेक्षा ती रेघ दाखवलेली बरी. दोन्ही कमानी एकाच वेळी करून घ्या.

बसवताना यू-बोल्ट नवे. जुने ताणलेले असतात. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या खोबणीत बसलं का, हे बोटाने चाचपून बघा. कमानीच्या टोकांच्या रबरी बुशच्या पिना मात्र गाडी चाकांवर उतरल्यावरच घट्ट करायच्या. हवेत आवळल्या तर रबर पिळून फाटतं. यू-बोल्ट आलटून-पालटून आवळा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने.

मग सळई. रिकाम्या गाडीत दांडा रंगाच्या खुणेवर येईल अशी ती जुळवा आणि ब्रेकवाल्याकडून गेज लावून मागचा दाब तपासून घ्या. हेडलाइटही बघा. शेपटी 40 मिमी उतरली की नाक वर होतं, दहा मीटरवरच्या भिंतीवर उजेड सुमारे 13 सेंटिमीटर वर चढतो. घोडबंदरला रात्री समोरच्या बाइकवाल्याच्या डोळ्यांत तो जातो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, म्हणून हात लावण्याआधी आरटीओत विचारा.

आठवडाभर कुंड्या वाहिल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले आणि नळी परत लावली. कमान अजून 5 मिमी बसली होती. दांडा खुणेवरून किंचित सरकला होता, तो पुन्हा जागेवर आणला.