स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे नोकरीला लागताना

सिव्हिलची पदवी हाती आल्यावर पुण्या-मुंबईची वाट न धरता कोल्हापुरातच एखाद्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचे डिझाइन करणाऱ्याकडे, उमेदवारी करावी का, असे विचारणाऱ्यांना मी जरूर करा असेच सांगतो, कारण येथे राजारामपुरीतील बंगला, शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीची क्रेन गर्डर (क्रेन जिच्यावरून धावते ती तुळई) असलेली शेड आणि काळ्या मातीतील फुटिंग म्हणजे पाया ही कामे एकाच टेबलावर येतात. पगार मात्र सुरुवातीला बेताचाच असतो, आणि ‘शिकायला मिळते’ या शब्दांवर खोलीचे भाडे भागत नाही, याचा हिशोब आधीच करून ठेवावा.

सर्वांत जपावे ते साइटवरून येणाऱ्या फोनला. तो बहुधा संध्याकाळी, साहेब मीटिंगला गेलेले असताना येतो आणि मलाही त्याने पुष्कळ छळले आहे. ‘‘साहेब, सोळाची सळी संपली, बाराच्या टाकू काय? सकाळी स्लॅब हाय.’’ पलीकडे साचा बांधणारे सेंट्रिंगवाले खोळंबलेले असतात, आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी सांगून झालेली असते आणि आपल्याला प्रथमच कोणीतरी साहेब म्हटलेले असते. मनातल्या मनात गणितही जुळते : ड्रॉइंगमधल्या सोळाच्या, म्हणजे सोळा मिलिमीटर व्यासाच्या, तीन सळ्यांचे क्षेत्रफळ ६०३ चौरस मिलिमीटर, बाराच्या सहा घेतल्या तर ६७९, म्हणजे उलट जास्तच.

आता ज्या बीममध्ये (तुळईत) त्या सळ्या घालायच्या, ती कागदावर काढून पाहावी. रुंदी २३०, दोन्ही बाजूंचे कव्हर (बाहेरचा काँक्रीटचा थर) पंचवीस-पंचवीस आणि सळ्यांभोवतीची आठ मिलिमीटरची रिंग दोन्हीकडून वजा केली की आत १६४ मिलिमीटर उरतात. सहा सळ्यांनी त्यांतले ७२ खाल्ले की पाच फटींना मिळून ९२, म्हणजे प्रत्येक फट जेमतेम अठरा मिलिमीटरची होते. खडी वीस मिलिमीटरची असेल तर काँक्रीटच्या कामाची भारतीय संहिता आयएस ४५६ नुसार तेथे किमान पंचवीस मिलिमीटर मोकळे अंतर हवे. खडी वरच अडकते, खाली नुसता सिमेंट-वाळूचा चिकोल उतरतो आणि सेंट्रिंग काढल्यावर तळाला सळ्या उघड्या दिसतात. सळ्या दोन थरांत बसवल्या तर बीमची परिणामी खोली (वरच्या कडेपासून सळ्यांच्या मध्यापर्यंतचे अंतर) कमी होते, त्यामुळे गणित पुन्हा मांडावे लागते. लॅप (दोन सळ्यांचा जोड) कोठे येतो आणि कॉलमच्या सांध्यात किती गर्दी होते, हे प्रश्न तर पुढचेच आहेत. एवढे सगळे फोनवर, उभ्या-उभ्या ठरवता येत नाही. पुढे भेग दिसली की कंत्राटदार ‘ऑफिसने सांगितले होते’ एवढेच म्हणतो, आणि ऑफिस म्हणजे कोण, हे तेव्हा सर्वांना नेमके आठवते.

म्हणून ‘व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसह लिहून पाठवा, साहेबांना दाखवून उत्तर देतो’ एवढेच बोलावे. सुपरवायझर चिडेल, कदाचित मालकाकडून फोन करवील, चिडू द्यावे. बदल मान्य झालाच तर ड्रॉइंगवर नवा रिव्हिजन क्रमांक घालून जुनी प्रत साइटवरून परत मागवावी, कारण भिंतीला डकवलेले जुने ड्रॉइंगच सळ्या बांधणारा फिटर शेवटपर्यंत पाहत असतो.

एखाद्या वरिष्ठाची एक्सेल शीट तयार मिळते आणि त्यात आकडे भरून फुटिंग निघतेही, पण निदान पहिली काही फुटिंग हाताने सोडवावीत, असे माझे हट्टी मत आहे. ईटॅब्स या डिझाइन सॉफ्टवेअरचा पंधरवड्याचा कोर्स करून कोणी डिझायनर होत नाही. मॉडेलमधील एकूण वजन आपल्या हिशोबाशी जुळते का, हे ज्याला पाहता येत नाही, त्याला ते सॉफ्टवेअर काय सांगणार? लाल पेनाने शीट भरून परत करणारा साहेब सुरुवातीला जाच वाटतो, पण न पाहता सही करणारा अधिक घातक असतो.

पहिल्या वर्षी वेग येत नाही, सोबतचा ड्राफ्ट्समनही आपल्यापेक्षा हुशार वाटतो, आणि बहुतेक वेळा तो असतोच. त्यात लाज नाही. त्याच्या शेजारी बसावे. मुलाखतीला जाल तेव्हा सळ्या तपासायला साइटवर कोणाला पाठवतात, एवढे अवश्य विचारून घ्या. ‘त्याला वेगळा माणूस आहे’ असे उत्तर आले, तर तुम्हाला साइट पाहायला मिळणार नाही असे समजून आणखी एक-दोन ऑफिसे पाहून मगच होकार द्यावा.